यानाला पार्किंग मिळेना

आज दुपारी भाचीने वहीतली गोष्ट वाचून दाखवली आणि मी अजून त्या गोष्टीतच आहे.

परग्रहावरचं यान आपल्या नाशकात, गोदावरीकाठी रामकुंडापाशी उतरतं. पार्किंगला जागा नाही, म्हणून लोक त्याला गंगापूर धरणाकडे पिटाळतात. पाहुण्यांकडे प्रकाशवर्षं मोजायचं यंत्र आहे, पण गोदावरीला पूर किती आलाय ते त्यात कळेना. तेव्हा एक आजी घाटावरच्या मूर्तीकडे बोट दाखवून म्हणते, "अरे बाळा, दुतोंड्या मारुतीकडे बघ! कुठवर बुडालाय ते दिसतंय ना?" झालं, यान अंतराळात माहिती पाठवतं : पाणी मारुतीच्या कमरेला. मग आजी विचारते, "तुम्ही मूळचे कुठले? आडनाव काय?" इथे भाषांतराचं यंत्र बंद पडतं.

अकरा वर्षांच्या पोरीने आपलं गाव किती नीट ऐकलंय! विज्ञानकथा म्हटलं की आपण लगेच परदेशात जातो. पाहुणे गोदाघाटावर का उतरू नयेत?

तिला सांगितलं, २०२१ साली आपल्या नाशकात ९४वं साहित्य संमेलन झालं, त्याचे अध्यक्ष खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर होते. १९७४ साली त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने कथा पाठवली होती. टोपणनाव ऐकून तिचे डोळे चमकले. तेव्हापासून ती स्वतःसाठी नाव शोधतेय.

गोष्टीचा शेवट बाकी आहे. पाहुण्यांना परत जायचंय, पण चहा घेतल्याशिवाय आजी सोडत नाहीये. उद्या आम्ही दोघी सार्वजनिक वाचनालयात जाणार आहोत, नवी वही घेऊन.