बहिरीचा दोर

सोमवार ते शुक्रवार मी उंच बिल्डिंगच्या काचा आणि बाहेरची दुरुस्तीची कामं करतो, दोरावर लटकून. शनिवार-रविवारी ट्रेक नेणाऱ्यांकडे टेक्निकल लीडर म्हणून जातो, म्हणजे परत दोरच. घरचे म्हणतात याला सुट्टीपण जमिनीवर काढता येत नाही. तर ही गोष्ट ढाक बहिरीची आहे, आणि दोन आठवडे झाले तरी माझ्या डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहून टाकतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कर्जतच्या वरच्या अंगाला ढाकचा किल्ला, त्याच्या शेजारी कळकरायचा सुळका, आणि ढाकच्या उभ्या कातळाच्या पोटात बहिरीची गुहा. बहिरी म्हणजे भैरवच, आसपासच्या ठाकर वस्त्यांचा देव. मूर्ती म्हणाल तर शेंदूर लावलेले दगड, बस. घंटा वाजवून पाच मिनिटात बाहेर पडायचं देऊळ हे नाही. कामशेतवरून जांभिवलीला यायचं, कोंडेश्वराच्या देवळापासून जंगलात शिरायचं, कारवीतून आणि गुरांच्या फसव्या वाटांमधून दोन-अडीच तास चालायचं, मग कळकराय आणि ढाकच्या मधली नाळ म्हणजे अरुंद घळ उतरायची, मग कड्याला पोट लावून आडवं सरकत जायचं आणि शेवटी उभा पॅच, म्हणजे सरळ चढायचा कातळाचा टप्पा. त्या पॅचवर झाडाचं एक वाळकं खोड उभं करून ठेवलेलं असतं, त्याच्या खाचांत पाय ठेवत वर जायचं. खाली बघितलं की थेट दरी. काही ठिकाणी तारेचे रोप बसवलेत, पण तारेवर सगळा भार टाकून लटकणारे लोक बघितले की माझ्या पोटात गोळा येतो.

बॅच बावीस जणांची होती. बावीस हा आकडा या जागेला जास्त आहे हे मी फोनवर बोललो होतो, ऑर्गनायझर म्हणाला बुकिंग झालंय आता काय करू. हे उत्तर मला इतक्या वेळा मिळालंय की आता मी फक्त दोर एक जास्त घेतो. रात्री कोंडेश्वराच्या देवळात झोपलो, पहाटे पाचला मी आणि माझ्याबरोबरचा एक पोरगा ग्रुपच्या पुढे तासभर निघालो. लीडरचं खरं काम तेव्हाच होतं, लोक पोचायच्या आधी. ग्रुप येतो तेव्हा दोर लावलेला असतो आणि त्यांना वाटतं हे इथं असंच असतं.

पॅचखाली पोचलो तर खोडाच्या बाजूला एक जुना दोर लोंबत होता. कधीतरी लाल असावा, आता फिक्का गुलाबी. दर दीड-दोन फुटावर गाठ, हात धरायला.

आता इथं जरा थांबतो कारण हा माझा विषय आहे. दोर नुसत्या डोळ्यांनी तपासायचा नसतो. डोळ्यांना फक्त बाहेरचं विणलेलं कवच दिसतं, वजन घेणारा गाभा आत असतो. तो बोटांनी वाचायचा. अंगठा आणि दोन बोटांत धरून इंच इंच सरकवायचा, वाकवून बघायचा. चांगला दोर वाकवला की गोल कमान होते, गाभा गेलेला असेल तर तिथं कागदाच्या घडीसारखा मोडतो. कवच केसाळ झालंय का, कुठं चकचकीत कडक झालंय का म्हणजे घासून वितळलंय, कुठं मऊ पोकळ लागतं का. आमच्या कामावर प्रत्येक दोराला नंबर असतो आणि त्याची वही असते, कधी घेतला, कुठं किती दिवस लटकला, कधी धारेवर घासला, आत्ता कुठं आहे. नवा कोरा स्टॅटिक, म्हणजे फारसा न ताणणारा दोर किमान 22 किलोन्यूटन घेतो म्हणजे साधारण बावीसशे किलो, पण तो आकडा कारखान्यातून निघालेल्या दोराचा. गाठ मारली की कमी, ओला झाला की कमी, आणि ऊन तर नायलॉन रोज थोडं थोडं खातं. आणि नुसता गोदामात पडलेला असला तरी दहा वर्षांनी बाद करतात. बाद केला की कापून तुकडे करायचे, अख्खा फेकायचा नाही, कारण अख्खा दिसला की कोणीतरी उचलतो आणि वापरतो.

हा दोर केसाळ होता, उन्हानं गेलेला होता, आणि वरच्या कातळाच्या धारेवर जिथं टेकत होता तिथं वीतभर कडक आणि त्याच्या लगेच खाली मऊ. मी खोडावरून वर गेलो, आमचा दोर बरोबर घेऊन, त्या लाल दोराला न धरता. वर तो एका झाडाच्या बुंध्याला सात-आठ वेढे मारून बांधलेला. वेढ्यांमध्ये लाल फडकं, नारळाची शेंडी, आणि गुरांच्या गळ्यात बांधतात तसली एक छोटी घंटी.

फडकं मी बघितलं. हे मला स्पष्ट लिहायचंय. बघितलं नाही असं नाही. मनात आलंसुद्धा की हे कोणीतरी काहीतरी म्हणून बांधलंय. पण खाली तासाभरात बावीस जण येणार, त्यातले निम्मे पहिल्यांदा कातळाला हात लावणार, आणि घाबरलेला माणूस तुम्ही दाखवलेला दोर धरत नाही, जो हाताला लागेल तो धरतो. हे मी इतक्या वेळा पाहिलंय. शिवाय मनात दुसरापण एक राग होता. अशा जुन्या दोरांच्या भरवशावरच काही लोक टेक्निकल माणूस न घेता बॅच आणतात, "तिथं रोप आहे" म्हणून. सुरा काढला आणि वेढ्यांखाली हातभर सोडून कापला. पोरगा म्हणाला, दादा विचारायचं का कोणाला? मी म्हणलं कोणाला, झाडाला?

मग आमचं नेहमीचं. वेगवेगळ्या दोन जागांवर अँकर म्हणजे दोर अडकवायचे आधार, दोन्हीवर भार सारखा, धारेवर दोराखाली पॅड, आडव्या टप्प्यावर धरायला बांधून ठेवलेला फिक्स रोप, उभ्या पॅचवर प्रत्येकाला वरून बिले, म्हणजे चढणाऱ्याला बांधलेला दोर वरून सांभाळायचा, सुटला तर धरायला. एकेकाला पाच-सहा मिनिटं. एक ताई खोडाच्या मध्यात थिजल्या, वर पण नाही खाली पण नाही, त्यांना दहा मिनिटं फक्त "उजवा पाय, आता उजवा पाय" एवढंच सांगत बसलो. एका साहेबांना सेल्फी हवा होता. अडीच-तीन तासात सगळे गुहेत.

गुहेत आधीच सात-आठ माणसं होती, खालच्या वस्तीवरची. आदल्या संध्याकाळपासून आलेली, नवस फेडायला. चूल पेटलेली, मोठ्या टोपात काहीतरी रटरटत होतं. तिथली भांडी पाण्याच्या टाक्यात ठेवलेली असतात, कोणीही यावं, काढून शिजवावं, घासून परत ठेवावं. कुलूप नाही, वही नाही, आणि भांडं कोणी नेत नाही, बहिरीचं नेलं तर पचत नाही म्हणतात. समोर राजमाचीचे दोन्ही बालेकिल्ले दिसत होते, आमची मंडळी फोटोत मग्न.

मी पाणी पीत होतो तेवढ्यात त्यांच्यातले एक म्हातारे बाबा गुहेच्या तोंडाशी जाऊन परत आले. अनवाणी, अंगावर बंडी.

"दोर कोनी कापला?"

मी म्हणलं मी कापला बाबा, खराब झाला होता, आतून गेला होता, कोणाचा जीव गेला असता. एकदम सगळं सांगून टाकलं, ऊन, धार, गाभा. माणूस घाबरला की जास्त टेक्निकल बोलतो.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "माज्या भावानी बांधलावता. कोंबडा देऊन बांधला."

मी म्हणलं, पण तुम्ही लोक तरी कशाला असला दोर धरून चढता? ते हसले. म्हणजे खरंच हसले, राग नव्हता त्यात. "आमी कुठं धरतो? आमच्यातला कोनी हात लावीत नाय त्याला."

"मग बांधला कशाला?"

"तुमी लोक पडता म्हनून."

मग हळूहळू कळलं ते असं. काही वर्षांपूर्वी पुण्या-मुंबईकडची पोरं आलेली, त्यातला एक घसरून नाळेत पडला, पाय मोडला. फोन लागत नव्हता, ह्यांच्यातल्याच माणसांनी त्याला बांबूला चादर बांधून खाली नेला, अख्खी रात्र लागली. त्यानंतर भावानं कुठूनतरी दोर आणला, देवापुढं ठेवला, आणि बांधला. शहरातली माणसं येताना देवाला काही मागत नाहीत, मग त्यांच्या वतीनं कोणीतरी काही नको का, असं काहीसं त्या भावाचं म्हणणं होतं. भाऊ आता नाही.

मी गप्प बसलो. मग बाबांनी विचारलं तो प्रश्न मला अजून सुटलेला नाही. म्हणाले, "आता तुजा दोर चांगला हाय. तो तू घेऊन जाशील ना?"

हो म्हणलं.

"मग उद्याच्यानं काय धरायचं?"

माझ्याकडे उत्तर होतं, आणि ते बरोबरच उत्तर आहे. दोर माझा नाही, ऑर्गनायझरचा आहे. आणि माझा असता तरी उघड्यावर ठेवलेला दोर दोन-तीन पावसाळ्यात त्या लाल दोरासारखाच होणार, फक्त दिसायला चांगला असेल तोवर लोक जास्त भरवसा ठेवतील. ज्याची तपासणी कोणी करत नाही तो दोर नसलेला बरा, हे मी नव्या पोरांना शिकवतो. हे सगळं मी बाबांना सांगितलंसुद्धा. ते म्हणाले, "बरं." त्या "बरं" मध्ये काय होतं मला कळलं नाही.

मग म्हणाले कापलेला तुकडा देऊन जा, देवाचा आहे. मी सॅकमधून काढून दिला. त्यांनी तो नीट गुंडाळला आणि शेंदराच्या दगडांपाशी ठेवला. आम्हाला जेवायला बसा म्हणाले. बावीस जणांना! आमच्यातल्या काहींनी भांडी घासायला मदत केली, काहींनी त्याचा व्हिडिओ केला.

तीननंतर सगळ्यांना उतरवलं, शेवटी मी आणि पोरगा, दोर काढत काढत. नाळेत आलो तर खालून, सांडशीच्या बाजूनं, चार पोरं वर येत होती. स्पोर्ट्स शूज, एकाच्या पाठीला कॉलेजची बॅग, हातात ब्लूटूथ स्पीकर. मला बघून पहिला प्रश्न, "काका, वर रोप आहे ना?"

नाही म्हणलं. परत जा, उशीर झालाय. दोघं थांबले. दोघं म्हणाले आम्ही इथवर येऊन परत जाणार नाही, व्हिडिओत रोप दिसतो. मी म्हणलं तो मी कापला. त्यातला एक माझ्याकडे असा बघायला लागला जसा काही मी रस्ता खणून ठेवलाय. तुम्ही कोण कापणारे, असं म्हणाला नाही पण चेहऱ्यावर ते होतं, आणि सकाळपासून दुसऱ्यांदा तो प्रश्न मला बरोबर वाटला.

मी म्हणलं थांबा मी बिले देतो. त्यांना नको होतं. गेले. मी ग्रुपला पोराबरोबर पुढं पाठवलं आणि नाळेच्या तोंडाशी, जिथून पॅच दिसतो तिथं, दोर खांद्यावर घेऊन बसलो. ऑर्गनायझरचा मेसेज नंतर रेंजमध्ये आल्यावर दिसला, ग्रुप सोडून थांबायचं नसतं म्हणून. तेही बरोबर आहे, ग्रुपच्या शेवटी अनुभवी माणूस हवाच, नियम आहे तो.

दोघं वर गेले. खोडावरून, माकडासारखे. तासाभरात खाली आले. ना घसरले ना थिजले. एकजण जाताना म्हणाला, "काका, रोपची गरजच नव्हती."

शिव्या द्याव्या का सुटका झाली म्हणून बसून घ्यावं ते कळेना. त्यांच्या सुखरूप खाली येण्यानं मी बरोबर ठरलो नाही आणि चूकही ठरलो नाही. अंधारात बॅटरीवर एकटाच जंगलातून आलो, दोनदा गुरांच्या वाटेला लागलो आणि परत फिरलो, कोंडेश्वरला ग्रुप चहा पिऊन माझी वाट बघत वैतागलेला.

आता एक राहिलं. बाबांना तुकडा दिला तेव्हा सगळा दिला नव्हता. धारेचा जो भाग होता तो साधारण तीन फूट मी आधीच कापून वेगळा ठेवला होता, घरी उघडून बघायला. सवय आहे, बाद झालेला दोर मी नेहमी उघडतो. बाबा बोलत होते तेव्हा तो सॅकच्या वरच्या कप्प्यात होता आणि मी काही बोललो नाही.

घरी आल्यावर उघडला. कवच पार गेलेलं, नखानं निघत होतं. जिथं मला मऊ लागलं होतं तिथं गाभ्यातल्या काही लडी तुटलेल्या होत्या. पण बाकीच्या? पांढऱ्याशुभ्र. ताणल्या, पिळल्या, सुटल्या नाहीत. कामावरच्या साहेबांना दाखवला तर ते बघताक्षणी म्हणाले बाद, विषयच नाही. बरोबर आहे, माझ्या वहीतसुद्धा बादच. पण तो आणखी किती वर्षं टिकला असता आणि किती जणांना धरून राहिला असता हे आता कोणालाच सांगता येणार नाही, कारण कापलेला दोर परत तिथं लटकवून बघता येत नाही.

ऑर्गनायझरचा परवा फोन आला, पुढच्या महिन्यात परत बहिरी, या वेळी अठरा जण. मी म्हणलं बघतो. गोदामात आमचा एक दोर आहे, वहीप्रमाणे त्याची मुदत या महिन्यात संपते, त्या लाल दोरापेक्षा दहापट चांगला, आणि नियमानं मला त्याचे तुकडे करायचेत. अजून केले नाहीत. तो तीन फुटाचा तुकडा ड्रॉवरमध्ये आहे, बायको विचारत होती हे काय घाणेरडं ठेवलंय, म्हणलं राहू दे, माझं नाहीये, परत द्यायचंय.