तुम्ही विचारलंत म्हणून: अजून त्या ग्रुपात कशी?

"मामाचं गाव उठवायला निघालेल्यांबरोबर रविवारी फिरतेस कशी?" खानापूरकडचे पाहुणे लग्नात, बारशाला, अगदी मयतीलाही मला हेच विचारतात. इथं बेळगावात, टिळकवाडीतल्या मैत्रिणींचं वेगळंच, त्यांना जळवांची काळजी. त्यावर चुना-तंबाखू आहे. पाहुण्यांना मात्र मी दरवेळी चहा विचारून सटकते.

आमचा निसर्गप्रेमींचा ग्रुप कुणालाही उठवत नाही हो. राजहंसगडावरच्या बाटल्या गोळा करतो, राकसकोपला पक्षी बघतो, पावसाळ्यात रोपं लावतो (जगतात किती ते विचारू नका). मराठी, कानडी, कोकणी सगळे आहेत. गाडीत सीमाप्रश्न निघालाच तर कुणीतरी चहाला गाडी थांबवतो. मामाचं गाव ज्याच्या आत आलं ते भीमगड अभयारण्य २०११ मध्ये सरकारनं जाहीर केलं, आमच्या सह्यांनी नव्हे.

पण आतली गावं बाहेर यावीत असं ग्रुपमधल्या बऱ्याच जणांना वाटतं. कधीकधी मलाही.

एका पावसाळ्यात सगळ्यांना घेऊन मामाकडं गेले. सोप्यात इरली निथळत होती, मामी आत नाचणीच्या भाकऱ्या थापत होती. आमच्यातले एकजण, माणूस खरोखर चांगला, बारापेडे गुहेतल्या वटवाघळांबद्दल सांगू लागले. १९१३ मध्ये त्यांची शास्त्रात नोंद झाली, कितीतरी वर्षं ती जगात दुसरीकडं कुठं माहीतच नव्हती. मामा कौतुकानं ऐकत होता. मग ते म्हणाले, "काका, गाव सोडून बाहेर आलात तर १५ लाख मिळतायत. पोरांची शाळा, दवाखाना, सगळं जवळ येईल."

मामा उठला आणि आढ्याला अडकवलेला बांबू काढून त्यांच्यासमोर आडवा ठेवला.

"आईला ह्याला घोंगडं बांधून नेलं. वढ्याला पाणी. गाडी पलीकडं उभी."

आजी वाटेतच गेली. मला माहीत होतं, ग्रुपात कुणालाच नव्हतं.

"साकव मागितला तर म्हणतात, जंगल हाय, बांधता येत न्हाई. आणि जंगल राखलं कुणी? ती वाघळं आमच्या बापजाद्यांनी मारली काय?" मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "हिला विचारा की."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी भाकरी मोडत राहिले. मामी म्हणाली, "घ्या की, निवली भाकरी."

निघताना गोठ्यामागं मामेभावानं गाठलं. तो गोव्यात कामाला असतो. "ताई, मी गाव सोडायच्या संमतीचा अर्ज भरलाय. आबांना सांगू नको." आता मामाला ते कळलंय, म्हणून लिहायला हरकत नाही. दोघं बोलत नाहीत.

आता सांगा, गावाच्या बाजूनं म्हणजे नेमकं कुणाच्या बाजूनं?

कॉलेजात असताना माणूस हलला की जंगल वाचतं, असं मी ठणकावून सांगायचे. त्या मुलीला आज विचारावंसं वाटतं, कणकुंबीत कळसा नाल्याचं पाणी वळवायला कालवा खणला तो काय मामानं? पण ती गप्प बसणारी नव्हती. जांबोटीच्या वाटेवरचे रिसॉर्ट दाखवून म्हणाली असती, रस्ता गेला की मागून हे येतंच. मी ग्रुपात साकवाचा विषय काढला तेव्हा हेच ऐकायला मिळालं: आज साकव, उद्या रस्ता, परवा रिसॉर्ट. खोटं कसं म्हणू? तरी नुसता पायी जायचा साकव द्या, असा अर्ज मी केला. ग्रुपच्या लेटरहेडवर नाही, स्वतःच्या नावानं. उत्तर नाही.

मी सोडलं तर मामाच्या ओसरीवर न बसलेलेच लोक त्याच्या गावाबद्दल बोलत राहतील, असं मी पाहुण्यांना सांगू शकते. ऐकायला बरं वाटतं. पण शेकरू फांदीवरून झेपावलं की मला बाकी काही सुचत नाही, हेही तितकंच खरं, आणि त्यासाठी मामाचा राग मी अंगावर घेते. मामा म्हणतो, दोन्हीकडं पाय ठेवू नको. ठेवलेत. पुढच्या रविवारी राकसकोपला जायचंय, आणि त्याच्या आदल्या दिवशी अर्जाचं काय झालं ते विचारायला कचेरीत.