हत्तीचं प्यादं आणि आपले सर

सुवर्णमहोत्सवाचं पत्र हातात पडलं आणि डोळ्यांपुढे आधी आले ते गणिताचे सर. नाव लिहायची गरज नाही. आपल्या शाळेत नुसतं ‘सर’ म्हटलं तरी कळायचं.

मधल्या सुट्टीत मागच्या व्हरांड्यात ते बुद्धिबळाचा पट मांडत, तोही चार-पाच मोहऱ्यांचा. सुरुवातीच्या चाली पाठ करू देत नसत. आधी शेवट शिका, म्हणायचे. क्युबाचा जगज्जेता कापाब्लांकाही हाच क्रम सांगायचा, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं.

१९९३ साली यवतमाळला जिल्हा शालेय स्पर्धा होती. मी आठवीत, गावाबाहेर पहिल्यांदाच खेळत होतो. समोरचा मुलगा राज्य पातळीवर खेळून आलेला. विसाव्या चालीपर्यंत माझी दोन प्यादी गेली. होता होता त्याच्याकडे पांढऱ्या घरांतला उंट आणि राजाच्या बाजूची दोन प्यादी उरली. माझ्याकडे एकटा घोडा. तेव्हा सरांचं बोलणं आठवलं, ‘हत्तीचं प्यादं अन् उलट्या रंगाचा उंट राह्यला, तं कोपऱ्यात जाय. तिथून तुले कोनी काढू शकत नाही.’ मी घोडा देऊन आतलं प्यादं मारलं. बघणारी पोरं हसली. पण उरलेलं प्यादं कडेचं, म्हणजे हत्तीच्या उभ्या ओळीतलं, त्याचा वजीर व्हायचं घर काळं आणि उंट पांढऱ्या घरांचा! त्या घरावर उंटाचा जोर पोचणारच नव्हता. माझा राजा कोपऱ्यात जाऊन बसला. त्यानं अर्धा तास सगळं करून पाहिलं. शेवटी माझ्या राजाला हलायला घर नाही आणि शहही नाही. अशा वेळी नियमानं बरोबरीच, तसा डाव बरोबरीत सुटला.

सर खिडकीबाहेर उभे होते. एसटीत त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि लगेच विचारलं, ‘ते दोन प्यादे काहून गेले?’ दिग्रस येईपर्यंत आम्ही तोंडीच डाव मांडत होतो. स्पर्धेत मी कितवा आलो, ते आता आठवतही नाही.

हल्ली दर रविवारी मी तालुक्याच्या पोरांना शिकवतो, शेवटापासूनच. यंदा त्यातली तिघं जिल्ह्याला खेळली. २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं जॉर्जियातल्या बातुमीला भारताच्याच कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये, म्हणजे बरोबरीनंतरच्या जलद डावांत, हरवून महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा मी सरांना फोन लावला. हॅलोच्या आधी ते म्हणाले, ‘शेवट पाह्यला ना?’

मागचा व्हरांडा आता जाळी लावून बंद केलाय, असं ऐकलं. वाईट वाटलं. त्या डावाच्या चाली लिहिलेला कागद अजून माझ्याजवळ आहे. सर समारंभाला येणार असतील तर सोबत आणतो.