चाकणच्या बाजारातून शेळीची सवारी

शनिवारी दुपारनंतर चाकणमधून बाहेर पडणाऱ्या एखाद्या रस्त्याच्या कडेला घटकाभर उभे राहिले, तर बाजारात कोणी काय घेतले याचा अंदाज पावत्या न पाहताही बांधता येतो. त्या दिवशी तिथे जनावरांचा आठवडे बाजार असतो आणि व्यवहार उरकून निघालेल्या शेळ्या, बोकड आणि करडे मिळेल त्या वाहनाने नव्या मालकाच्या घराकडे निघालेली असतात. ज्या चाकणच्या कारखान्यांत मोटारसायकलींपासून महागड्या मोटारींपर्यंत वाहने तयार होतात, त्या चाकणच्या बाजारातील शेळीसाठी मात्र वेगळे वाहन कोणी बनवलेले नाही. माणसाच्या वाहनातच तिला आपली जागा शोधावी लागते.

शेळी कशी बसली आहे यावरून ती कशासाठी घेतली आहे हे ओळखता येते, असे माझे मत बनले आहे. पाळायला घेतलेली पहिल्या वेताची शेळी मोटारसायकलवर दोघांच्या मधोमध असते. मागे बसलेल्याने एक हात तिच्या छातीखालून घातलेला असतो, दुसऱ्या हातात दावे असते आणि तिचे पुढचे पाय चालवणाऱ्याच्या मांडीवर टेकलेले असतात. मागे बसलेली बाई असेल तर पदराचे टोक शेळीच्या तोंडात जाऊ नये म्हणून ते आधीच कमरेला खोचलेले असते, कारण प्रवासाची भीती शेळीला कितीही वाटली तरी तोंडाजवळ आलेली वस्तू चघळून पाहण्याचा तिचा स्वभाव सुटत नाही. गतिरोधक आला की चालवणारा वेग इतका कमी करतो, की घरच्या माणसांसाठी त्याने कधी तेवढा केला असेल का, अशी शंका यावी. वारा लागून तिचे लांब कान मागे उडत असतात आणि मागून हॉर्न वाजला की तिची मान आवाजाच्या दिशेने वळते. लहान करडू असेल तर त्याची रवानगी पोत्यात किंवा बाजारच्या पिशवीत होते, आणि कोथिंबिरीच्या जुडीशेजारून त्याचे तोंड तेवढे बाहेर डोकावत राहते.

कापायला घेतलेल्या बोकडाच्या वाट्याला यातले काही येत नाही. त्याचे चारही पाय एकत्र बांधून त्याला गाडीच्या मागे आडवे टाकलेले असते, किंवा ‘छोटा हत्ती’ म्हणतात त्या लहान टेम्पोच्या हौद्यात इतर दहा जणांबरोबर कोंबलेले असते. ज्याला उद्या मरायचेच आहे त्याची आज कशाला काळजी करायची, असा हा हिशेब आहे, आणि तो मला कधीच पटलेला नाही. त्यात व्यवहारही नाही. शेळीचे कोटीपोट, म्हणजे खाल्लेला चारा साठतो तो पोटाचा सर्वांत मोठा कप्पा, डाव्या बाजूला असते, आणि त्यात सतत तयार होणारा वायू ती ढेकर देऊन बाहेर टाकत असते. जनावर फार वेळ आडवे पडून राहिले की ढेकर निघत नाही, पोट फुगते, आणि ते वेळेत लक्षात आले नाही तर जनावर दगावतेही. म्हणूनच जाणता शेतकरी शेळीला पोत्यात घातले तरी उभी किंवा बसती ठेवतो.

गाभण शेळीचा थाट आणखी वेगळा. पाच महिन्यांचे गाभणपण, त्यात पोटात जुळी करडे असण्याची शक्यता, शिवाय त्या आशेवर मोजलेली जादा किंमत. एवढे सगळे मोटारसायकलच्या हादऱ्यांच्या हवाली करायला कोणी धजत नाही. मग गावाकडचा एखादा टेम्पो गाठला जातो, हौद्यात उसाचे पाचट अंथरले जाते आणि भाड्याच्या घासाघिशीत बाजारापेक्षाही जास्त वेळ जातो. एसटीत शेळीला घेतील की नाही हे प्रत्यक्षात कंडक्टरच्या मनावर आणि गाडीतील गर्दीवर ठरते. वडापच्या, म्हणजे खासगी प्रवासी वाहतुकीच्या जीपमध्ये तो प्रश्नच येत नाही, कारण तिथे माणसांनाही जागा मोजून मिळत नाही.

कायद्याने या प्रवासाचा विचार केला आहे, पण तो लांबच्या वाटेचा. प्राण्यांच्या वाहतुकीसंबंधी १९७८ साली केलेल्या नियमांतील शेळ्या-मेंढ्यांची कलमे सहा तासांहून अधिक लांबीच्या प्रवासाला लागू होतात. चाकणहून खेड तालुक्यातल्या एखाद्या वाडीपर्यंतचा तास-दीड तास त्यांच्या कक्षेत येत नाही. प्राण्यांना विनाकारण वेदना होतील अशा रीतीने नेण्यास १९६० च्या कायद्याने मनाई आहे, परंतु बांधलेल्या पायांचा बोकड पाहून त्या कायद्याची आठवण होणारा माणूस रस्त्यावर क्वचितच भेटतो.

चाकणच्या रस्त्यावर चोख उतरणारे माझे हे मत मुंबईत मात्र साफ कोलमडते. बकरी ईदच्या आधीच्या दिवसांत देवनारच्या बाजारात राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश अशा लांबलांबच्या मुलखांतून बोकड येतात. दात पाहून, वर्षाचा झाल्याची खात्री करून घेतलेला बोकड तिथून रिक्षात बसून घरी निघतो. तो कुर्बानीसाठीच घेतलेला असतो, हे घरातल्या सर्वांना ठाऊक असते. तरीही त्याचे पाय बांधलेले नसतात, एक मुलगा त्याच्या गळ्याभोवती हात टाकून बसलेला असतो आणि दुसरा त्याला रिक्षातच पाला भरवत असतो. मोटार असलेल्या घरचा बोकड मागच्या सीटवर जुनी चादर अंथरून, अर्धी काच खाली करून जातो. पुढे इमारतीची लिफ्ट येते, आणि तिच्यात बोकडाने चढावे की नाही यावरून सोसायटीत चर्चा झडते. तोवर हा पाहुणा जिन्याजवळच्या कुंडीतील तुळस अर्धी संपवून मोकळा झालेला असतो.