आधी टाक्यातलं पाणी, मग तोफा

ग्रँड स्ट्रॅटेजी गेम, म्हणजे अख्खं राज्य चालवण्याचा खेळ, करायचा म्हटलं की बहुतेक जण आधी नकाशा काढायला बसतात. चारशे प्रांत रंगवून होतात आणि मग लक्षात येतं, की यात खेळण्यासारखं अजून काहीच नाही. सतराव्या शतकातल्या दख्खनवर गेम करायचा असेल तर सुरुवात एका किल्ल्याच्या वेढ्यापासून करा. कागद, सोंगट्या आणि फासे पुरेसे आहेत. तो एक वेढा रंगला, तर राज्य त्याच्याभोवती वाढवता येतं.

एक चाल म्हणजे एक पंधरवडा. वर्षाच्या २४ चाली, एक शुद्ध, एक वद्य. अधिक महिना पहिल्या आवृत्तीत घेऊ नका, वसुलीची सगळी कोष्टकं बिघडतात.

आता पाणी. गडावरची टाकी पावसाळ्यात भरतात आणि आश्विनअखेर काठोकाठ असतात. टाक्यांची क्षमता ८० माप धरा आणि दर १०० माणसांना एका चालीत १ माप. शिबंदी, म्हणजे गडावरचं सैन्य, ५०० असेल तर कार्तिकापासून ज्येष्ठापर्यंतच्या १६ चाली पाणी बरोबर पुरतं. खेळाडूने घाबरून आणखी ३०० माणसं वर चढवली, की तेच पाणी १० चालींत, म्हणजे फाल्गुनअखेर संपतं. कुमक पाठवावी की नको, हा खरा निर्णय इथे तयार होतो. वेढा घालणाऱ्यालाही सुख नको. त्याच्या छावणीभोवतीची वैरण दर चालीला कमी होत जावी आणि आषाढ लागला की घाटातल्या छावणीत घोडी, बैल मरू लागावेत.

वेढा आणि हल्ला यांखेरीज किल्ला घेण्याचा तिसरा मार्ग पैशाचा, आणि तो वगळला तर गेम खोटा होईल. औरंगजेबाने १६९९ ते १७०५ मध्ये घेतलेल्या किल्ल्यांपैकी कितीतरी पैसे मोजून घेतले; तोरणा लढून घेतला, हा त्यातला अपवाद. मराठ्यांच्या गडावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे तीन अधिकारी असत, कारण एकाच्या मर्जीवर गड जाऊ नये. गेममध्ये तिघांची निष्ठा वेगवेगळी ठेवा, १०० पैकी. पगार एक चाल थकला की प्रत्येकाची ५ ने उतरेल. दोघे ३० च्या खाली गेले तरच गड विकत घेता येईल. एकच ‘किल्लेदाराची निष्ठा’ ठेवली तर श्रीमंत खेळाडू एका वर्षात सगळे गड विकत घेतो.

नकाशाला पहिल्या फेरीत ४० ठाणी पुरे. घाट हे ठाणं नव्हे, दोन ठाण्यांमधली वाट. प्रत्येक वाटेवर दोन गोष्टी लिहा: एका चालीत किती माणसं उतरतील आणि तोफ जाईल का. १६६१ साली उंबरखिंडीत मुघल सरदार कारतलबखान अडकला तो याच हिशेबात. मोठं सैन्य होतं, वाट अरुंद होती.

चौथ म्हणजे २५ टक्के आणि सरदेशमुखी १० टक्के, दोन्ही दुसऱ्याच्या मुलखातून. हे सरळ घातलं की मुलूख जिंकण्यात कुणालाच रस उरत नाही. उपाय असा: वसुलीच्या चालीला आपली फौज तीन ठाण्यांच्या आत नसेल, तर रक्कम थकबाकीत जाते. मग फौज कुठे फिरवायची याची ओढाताण आपोआप सुरू होते.

अद्भुताचा भाग आणायला ड्रॅगन नकोत, आपल्याकडे भरपूर आहे. मात्र प्रत्येक शक्तीने आधीच्या नियमांपैकी एकच नियम वाकवावा आणि त्याची किंमत घ्यावी. गडाच्या टाक्यावर साती आसरा, म्हणजे पाण्याच्या देवता, असतील आणि त्यांचा वार्षिक मान पोचला असेल, तर पाणी १० मापांच्या खाली जात नाही. मान चुकला तर त्या वर्षी टाकं अर्धंच भरतं. दाट रानात वद्य पंधरवड्यात फौज हलवली तर फासा टाका: १ पडला की चकवा लागला, फौज शेजारच्या भलत्याच ठाण्यावर निघते. गावचा वाटाड्या सोबत असेल तर फासा टाकायचाच नाही. त्यामुळे रानातल्या गावांशी नीट वागण्याला किंमत येते, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आगीचे गोळे फेकणारा मांत्रिक मात्र आणू नका. त्याच्यापुढे पाणी, वैरण, पगार सगळं फुकट जातं.

संगणकावर आणताना सगळे आकडे पूर्णांकात ठेवा. दशांश घेतले तर दोन मशिनींवर किंचित वेगळी उत्तरं येऊ शकतात आणि ऑनलाइन डाव चाळीसाव्या चालीला फुटतो. मग संगणकालाच सगळ्या बाजू देऊन ५० वर्षांचे १०० डाव पळवा. आधी एकच नोंद बघा: आषाढात किती फौजा घाटात आहेत. जास्त असतील तर संगणकाला पावसाळा अजून कळलेला नाही. दसऱ्याला निघायचं आणि ज्येष्ठाच्या आत छावणीला परतायचं, हा हिशेब त्याच्या वाट शोधण्यातच घालावा लागेल.