गॅसवाल्याची चाल

आषाढात आमच्याकडे आचऱ्याला झड लागली की विहिरींवरच्या पंपांची कामं बंद. मग बाबा दिवसभर घरात, म्हणजे पेटीवर. त्या दिवशी वीजही नव्हती. मी माजघरात मोबाइलवर जो कॉकर या इंग्लिश गायकाचं गाणं लावलं होतं. दोन मिनिटांत बाबा दारात.

"ह्यो कोण गो? घसो बसलो काय ह्येचो?"

बाबा पंप फिटर आणि भजनी बुवा. डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्याला, त्यांचं नाव आहे. पण आवाज पहिल्यापासून खरखरीत. एका स्पर्धेत परीक्षकांनी कागदावर 'आवाज फाटतो, सुधारणा हवी' असं लिहून गुण कापले होते. तो कागद बाबांनी पेटीच्या खोक्यात ठेवलाय, अजून.

म्हणून मी त्यांना आधी सांगितलं ते हे, की हा पण फिटरच होता. इंग्लंडमधल्या शेफिल्डचा, 1944 चा जन्म. सोळाव्या वर्षी शाळा सोडून गॅसच्या पाइपांवर उमेदवारी, रात्री पबमध्ये गाणं. 1964 मध्ये डेक्का या रेकॉर्ड कंपनीनं पहिली रेकॉर्ड काढली, बीटल्सचं गाणं घेऊन. ती आपटली. पुन्हा गॅस.

1968 मध्ये त्यानं बीटल्सचंच आणखी एक गाणं उचललं, 'विथ अ लिटल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स'. मूळ गाणं रिंगो स्टार चालता चालता गुणगुणल्यासारखं गातो. कॉकरनं त्याची लय ओढून ओढून संथ केली, ठेकाच बदलला. गिटारवर जिमी पेज, आणि सुरुवातीला ऑर्गन. तो ऑर्गन वाजला तसे बाबा खाली बसले. मांडीवर बोटं सुरू झाली. धा धी ना, धा ती ना.

"दादरो हा गो ह्यो."

मी ते गाणं शंभर वेळा ऐकलं असेल, माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. सहा मात्रा मोजत ऐकून बघा, चपखल बसतो.

मग मधेच ती किंकाळी येते. मी मुद्दाम बाबांकडे बघत होते. त्यांनी डोळे मिटले. "नाय गो. घसो बसलेलो नाय. वरचो सूर बघ कसो सरळ लागलो." गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरावर गेलं होतं, हे मी सांगितलं, पण त्यांना त्यात रस नव्हता.

वीज आल्यावर अमेरिकेतल्या वुडस्टॉक संगीत महोत्सवाचा व्हिडिओ दाखवला, ऑगस्ट 1969 चा. रंगीबेरंगी सदरा, घामानं चिकटलेले केस, आणि ते हवेत पळणारे हात! लोकांना वाटायचं, याला काही आजार आहे. बाबा म्हणाले, "पेटी नाय ना हातात." खरंच, कॉकरचंही म्हणणं साधारण हेच होतं. दुसरा कोणी पेटीवर असला की बाबांची बोटंही अशीच धोतरावर पळत असतात. कॉकर गाऊन उतरला आणि तिथे वादळी पाऊस कोसळला, हे ऐकून मात्र बाबा खूश.

पुढची गोष्ट मी भरभर उरकली. 1970 मध्ये थकलेला असताना तीसेक माणसांचा ताफा घेऊन 48 शहरांचा दौरा. पियानोवाल्या लिऑन रसेलनं काही दिवसांत जमवलेला तो संच म्हणजे टेम्पोत कोंबलेली दशावतारी कंपनीच. त्यानंतर दारू, रिकामा खिसा, पुन्हा आईबापांच्या घरी शेफिल्डला. बाबा इथे गप्प झाले. असे बुवा त्यांनीही पाहिलेत. 1982 मध्ये गायिका जेनिफर वॉर्न्सबरोबरच्या 'अप व्हेअर वी बिलाँग'नं तो परतला. त्या गाण्याला ऑस्कर मिळालं. मला ते जरा गुळचट वाटतं. बाबांनी दोनदा लावायला लावलं. 2014 च्या डिसेंबरात कॉकर कोलोरॅडोत गेला, फुप्फुसाच्या कॅन्सरनं, सत्तराव्या वर्षी.

गणेश चवथीत आमच्या वाडीत घरोघर भजनं होतात. पाचव्या रात्री शेजारच्या घरी बाबा गौळणीला बसले, घसा एव्हाना पार सोललेला. पेटीवर एक ओळ वाजली, संथ, खाली उतरत जाणारी. मी पाणी घेऊन आले होते, ती तिथेच थांबले. पखवाजवाल्यानं हात वर धरला, ठेका सापडेना.

"बुवा, चाल खयची ही?"

"गॅसवाल्याची," बाबा म्हणाले. "दादरो धर."