गिरवून झाल्यावर काय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्रश्न नेहमीचाच आहे: 'डिजिटल स्कल्प्टिंग आणि मॉडेलिंग अगदी पहिल्यापासून शिकायचंय, कुठला कोर्स घेऊ?' म्हणजे संगणकावर थ्रीडी वस्तू आणि चेहरे घडवायला. विचारणाऱ्याकडे बहुतेक वेळा यादी आधीच तयार असते. सात-आठ कोर्स, सेव्ह करून ठेवलेले वीसेक व्हिडिओ, दोन-चार पुस्तकं. मी यादी बाजूला ठेवते आणि विचारते, 'शेवटचं, कुणाचं न बघता, काय बनवलंत?' यावर बहुतेक जण हसतात आणि विषय बदलतात.

मीही अशीच हसले असते. माझा पहिला कोर्स लांबलचक होता. त्यात एका शिंगवाल्या राक्षसाचं डोकं करायचं होतं. शिक्षक थांबला की मी थांबायचे, तो ब्रश (म्हणजे आकार दाबायचं-ओढायचं हत्यार) बदलायचा की मी बदलायचे. शेवटी माझा राक्षस त्याच्या राक्षसाशी सुरकुतीला सुरकुती जुळला. मी खूश. मग नवी फाइल उघडली, म्हातारा माणूस करायचं ठरवलं, आणि समोरच्या करड्या गोळ्याकडे बराच वेळ नुसती बघत बसले. कसाबसा चेहरा झाला, पण कानाशी गाडी अडली. राक्षसाला कानाच्या जागी शिंगं होती! माझ्या म्हाताऱ्याचे कान डोक्याला नाणं चिकटवावं तसे सपाट बसले होते, आणि जागाही चुकलेली. खरा कान बाजूने पाहिला तर डोक्याच्या मध्यरेषेच्या मागे असतो, वरून किंचित मागे कललेला, उंचीला साधारण भुवईपासून नाकाच्या बुडापर्यंत. तो डोक्याला समांतर नसतो, मागची कड बाहेर उघडलेली असते. यातलं काहीही मला माहीत नव्हतं. ब्रशचे शॉर्टकट मात्र सगळे पाठ होते.

लहानपणी पाटीवर अक्षरं गिरवली तसंच हे गिरवणं. गिरवण्यात वाईट काहीच नाही, हात वळायला ते लागतंच. पण आयुष्यभर कुणी गिरवत बसत नाही. म्हणून कुठलंही साहित्य निवडताना मी एकच गोष्ट बघते: हे मला गिरवण्यातून बाहेर काढणार आहे का?

ते दहा मिनिटांत कळतं. पहिला भाग बघू नका, तो सगळ्यांचाच देखणा असतो. मधला कुठलातरी भाग लावा. शिक्षक चुकतो का, अनडू करतो का, मॉडेल फिरवून खालून-वरून बघतो का? आणि मुख्य म्हणजे तो 'का' सांगतो का? उदाहरण देते. ओठांभोवतीची जाळी करायची आहे. (जाळी म्हणजे आकाराचा पृष्ठभाग बनवणारे छोटे चौकोन, आणि लूप म्हणजे त्यांच्या कडांची एक सलग फेरी.) एक जण सांगतो, 'कंट्रोल आर दाबा, दोन लूप टाका, जरा आत सरकवा.' दुसरा सांगतो, 'तोंडाभोवती गोल स्नायू आहे. तोंड उघडताना, मिटताना तो ताणतो, आवळतो. म्हणून जाळीच्या कडाही तोंडाभोवती गोल फिरवायच्या, नाहीतर ओठ हलवले की गाल चुरगळेल.' दुसऱ्याचं वाक्य तुम्हाला बेडकाच्या तोंडालाही वापरता येईल आणि थोड्या फरकाने डोळ्यालाही. पहिल्याचं तर पुढच्या पडद्यावरच दगा देऊ शकतं: ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये एडिट मोडमध्ये कंट्रोल आर दाबलं की लूप पडतो, आणि स्कल्प्ट मोडमध्ये तेच दाबलं की अख्खी जाळी नव्याने विणली जाते. नुसती बटणं पाठ केलेला माणूस इथे हमखास गडबडतो.

आता तुमचा प्रश्न थोडा फोडते, कारण त्यात दोन प्रश्न आहेत. मॉडेलिंग आणि स्कल्प्टिंग या कामांचे हात वेगळे. कपाट, घड्याळ, यंत्र, इमारत करायची असेल तर मॉडेलिंग. तिथे तुम्ही सुताराच्या डोक्याने विचार करता: आठ कोपरे, बारा कडा, सहा बाजू, यातली कुठली बाजू बाहेर ओढू, कुठली कड तासू. चेहरा, प्राणी, कापडाच्या चुण्या हव्या असतील तर स्कल्प्टिंग. तिथे कोपरे मोजायचे नसतात, माती दाबायची, ओढायची, खरवडायची असते. पुढे दोन्ही लागतं, पण सुरुवातीला ज्यासाठी जीव तळमळतो ते धरा. राक्षस करायला आलेल्या माणसाला तीन आठवडे टेबल-खुर्ची करायला लावणारा कोर्स कितीही चांगला असला तरी तो माणूस चौथ्या आठवड्यात गायब होतो.

स्कल्प्टिंगच्या कोर्समध्ये आणखी एक गोष्ट बघा: तो तुम्हाला कमी चौकोनांच्या जाळीवर किती वेळ थांबवतो? साधा घन घ्या, सहा चौकोन. एकदा सबडिव्हाइड केलं की प्रत्येक चौकोनाचे चार होतात, म्हणजे 24. पुन्हा केलं की 96. सहाव्या वेळी 24,576, आणि आठव्या वेळी 3,93,216. नवशिक्याला वाटतं, जितके जास्त तितकं छान. प्रत्यक्षात लाखो चौकोनांवर मोठा आकार हलवायला गेलं की पृष्ठभाग बटाट्यासारखा खडबडीत होतो, आणि गुळगुळीत करायच्या नादात उरलासुरला आकारही जातो. कवटी, जबडा, मान हे ढोबळ गोळे जागेवर बसेपर्यंत चौकोन वाढवायचेच नाहीत. पहिल्याच धड्यात त्वचेची छिद्रं आणि सुरकुत्या काढून दाखवणारा शिक्षक बघायला भारी वाटतो, पण त्याच्याकडे आत्ता जाऊ नका. ब्रशही चार पुरतात: मूव्ह (ओढणारा), क्ले (थर चढवणारा), स्मूथ (गुळगुळीत करणारा) आणि रेघ खोल करणारा एखादा. 'अमुक शंभर ब्रश मोफत' अशा गोष्टींत अडकू नका.

सॉफ्टवेअरचं लवकर उरकते. ब्लेंडर घ्या. ते मोफत आहे आणि मॉडेलिंग, स्कल्प्टिंग दोन्ही एकाच छताखाली आहे. (ते मोफत कसं झालं हीही गंमत आहे. ते बनवणारी कंपनी बंद पडल्यावर 2002 मध्ये वापरणाऱ्यांनीच सात आठवड्यांत एक लाख युरो गोळा करून त्याचा कोड मोकळा करवला.) झेडब्रश हे व्यावसायिक स्कल्प्टिंगमधलं मोठं नाव, पण त्याची स्वतःची वेगळीच चाल आहे. हाताला सवय झाल्यावर तिकडे गेलात तरी काही बिघडत नाही. टॅब्लेटवर काम करायचं असेल तर नोमॅड स्कल्प्ट चांगलं आहे. आणि हे आपल्याला जमेल का एवढंच बघायचं असेल तर स्कल्प्टजीएल थेट ब्राउझरमध्ये चालतं, काही इन्स्टॉल करावं लागत नाही. मॉडेलिंग माउसने होतं. स्कल्प्टिंगला पेन टॅब्लेट (संगणकाला जोडायची पाटी आणि पेन) हवा, कारण हाताचा दाब मोजला गेला पाहिजे. लहानसा पुरतो.

व्हिडिओची तारीख मात्र बघत जा. ब्लेंडरचं 2.80 जुलै 2019 मध्ये आलं आणि त्यात चेहरामोहराच बदलला. आधी वस्तू निवडायला उजवं क्लिक होतं, ते डावं झालं. त्याआधीचा व्हिडिओ लावून बसलात तर तो सांगतोय ते बटण शोधण्यातच संध्याकाळ जाईल, आणि वर 'मलाच जमत नाही' असं वाटेल ते वेगळंच. स्कल्प्टिंगचंही तसंच. 2011 मध्ये झेडब्रशमध्ये डायनामेश आलं, 2019 मध्ये ब्लेंडरच्या 2.81 मध्ये वॉक्सेल रीमेश आलं. कच्चा आकार घडवताना ताणलेली जाळी आता एका झटक्यात पुन्हा सारखी करता येते. त्यामुळे गोळ्याला हात लावण्याआधी दोन तास नीटनेटकी पायाभूत जाळी करायला लावणारा धडा बहुधा जुन्या काळातला असतो. जाळीची शिस्त लागते, पण आकार ठरल्यावर.

आकाराचं ज्ञान असं शिळं होत नाही. ऊदाँ नावाच्या फ्रेंच शिल्पकाराने 1767 मध्ये कातडी सोललेल्या माणसाचा, नुसत्या स्नायूंचा पुतळा केला. त्याच्या प्रतिकृती समोर ठेवून लोक अजूनही शिकतात. शरीररचनेचा धडा कुठल्याही सॉफ्टवेअरमधला असो, मातीतला असो, कागदावरचा असो, तो बिनधास्त बघा. दोन गोष्टी तर आत्ताच सांगून टाकते, कारण जवळजवळ प्रत्येक पहिल्या डोक्यात त्या चुकलेल्या असतात. डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात, आपण ते फार वर काढतो. आणि बाजूने पाहिलं तर डोकं वाटतं त्यापेक्षा बरंच खोल असतं. आपण चेहऱ्यात इतके रमतो की मागची कवटी चपटी राहते.

सगळ्यात उपयोगी साहित्य कोर्समध्ये नसतंच, असं मला अलीकडे वाटायला लागलंय. स्केचफॅब या वेबसाइटवर लोकांची मॉडेल्स फिरवून बघता येतात, आणि त्यातल्या पाहणीच्या सोयीने रंग काढून नुसती जाळी दिसते. चांगल्या माणसाने गुडघ्यापाशी चौकोन कसे वळवले हे तिथे उघड दिसतं. स्मिथसोनियन या अमेरिकेतल्या संग्रहालय संस्थेने 2020 पासून आपल्या संग्रहातल्या वस्तूंचे थ्रीडी स्कॅन मोफत खुले केले आहेत. असा एखादा स्कॅन एका खिडकीत आणि आपला गोळा दुसऱ्या खिडकीत ठेवून बसलं की शिक्षक नसला तरी चालतं.

मग तुमच्या यादीचं काय? एक ठेवा, बाकीची पुसा. नाहीतर एक ना धड भाराभर चिंध्या. ब्लेंडरसाठी अँड्र्यू प्राइस या यूट्यूबवरच्या शिक्षकाचा तो प्रसिद्ध डोनट बनवायचा कोर्स ठेवलात तरी माझी हरकत नाही. लोक त्याला हसतात, पण त्यात मॉडेलिंगपासून प्रकाशापर्यंतची पूर्ण फेरी होते. फक्त अट एवढीच की डोनट झाला की व्हिडिओ बंद करून त्याच हत्यारांनी दुसरं काहीतरी करायचं. साबणाची वडी करा, वापरून झिजलेली, कोरलेलं नाव अर्धवट पुसलेली. पहिल्या तासात किमान तीनदा अडाल. जिथे अडाल तेवढाच भाग व्हिडिओत शोधा, आणि पुन्हा बंद करा. झालं की रंग, चकाकी काही न लावता, नुसत्या करड्या रंगात चारही बाजूंनी कुणाला तरी दाखवा. रंग लावला की चुका लपतात, आणि बघणाराही 'वा, मस्त' म्हणून मोकळा होतो.

माझ्या म्हाताऱ्याचे कान पुढे अकरा वेळा केले. सातव्याला ते कानासारखे दिसायला लागले, तेही फक्त उजव्या बाजूने. तुम्हाला चेहऱ्यापासूनच सुरू करायचं असेल तर आज कोर्स शोधू नका. कुणाला तरी बसवा आणि त्याच्या कानाचे तीन फोटो काढा: समोरून, बाजूने आणि मागून. मागचा विसरू नका, तो कुठल्याच व्हिडिओत नीट दिसत नाही.